पूर ओसरल्यावर उरलेले चार लाख

कोल्हापुरातल्या एका लहान संस्थेचं हे प्रकरण आहे. संस्था, तिची माणसं आणि तिचे आकडे अभ्यासासाठी रचलेले आहेत. पूर, गावं आणि कायदा खरा आहे. ट्रस्टच्या वह्या ज्यांच्या हातून जातात त्यांना यातला एखादा प्रसंग ओळखीचा वाटेल. कलमांचे क्रमांक त्या वेळी लागू असलेल्या १९६१च्या आयकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा कायदा आला आणि क्रमांक बदलले.

एप्रिल २०२२. संस्थेच्या बँक खात्यात २४ लाख रुपये आहेत. त्याच संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहातल्या रेक्टर, दोन स्वयंपाकिणी, रखवालदार आणि हिशेबनीस अशा पाच जणांचा चार महिन्यांचा पगार थकलाय. थकबाकी ३ लाख २० हजार. कार्यकारिणीच्या बैठकीत एक विश्वस्त म्हणाले, "खात्यात पैसे असताना बायकांना पगार नाही म्हणायला लाज वाटत नाही का आपल्याला?" प्रश्न चुकीचा नव्हता. पण खात्यातला एकूण एक रुपया पुराचा होता.

पैसा आला कसा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. ते कधी काळी एकदाच होणारं म्हणून लोकांनी पचवलं, आणि जुलै २०२१मध्ये नदी ५६ फुटांवर गेली. प्रयाग चिखली, आंबेवाडी पुन्हा रिकामी झाली, शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा दोन्हीकडून पाणी आलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. संस्थेचं मूळ काम वसतिगृहाचं, ३२ मुली. पण त्यातल्या ११ मुली याच गावांतल्या, त्यामुळे हात बांधून बसणं शक्य नव्हतं. वसतिगृहाचं काम बघणाऱ्या ताईंनी रात्री मोबाइलवर आवाहन लिहिलं आणि क्यूआर कोडसह सोडून दिलं. आवाहनात दोन गोष्टी होत्या. एक, चिखली, आंबेवाडी आणि शिरोळकडच्या पूरग्रस्त कुटुंबांसाठी धान्य, भांडी, अंथरूण-पांघरूण. दुसरी, ठळक अक्षरात: संस्थेचा खर्च शून्य, तुमचा प्रत्येक रुपया पूरग्रस्ताला.

त्या दुसऱ्या ओळीने पुढे वर्षभर पिच्छा पुरवला.

पैसे धो धो आले. यूपीआयवर लहान रकमांचे मिळून ११ लाख. चेक, बँक ट्रान्सफर आणि मंडळांकडून ९ लाख. एका तालीम मंडळाने गणपतीची सजावट रद्द करून ५१ हजार रोख आणून टेबलावर ठेवले. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात मिळणारी, सवलत मिळत नाही हे सांगितल्यावर मंडळाची पोरं हसली. त्यांना कुठला आयकर! सप्टेंबरमध्ये पुण्यात नोकरीला असलेल्या शिरोळकडच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटाने ६ लाख दिले, फक्त संसारोपयोगी किटसाठी असं पत्रात लिहून. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका फौंड्री कंपनीचे सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी कायद्याप्रमाणे समाजकामासाठी काढायच्या पैशातले, २० लाख आले, पुरात खराब झालेल्या शाळांच्या दुरुस्तीसाठी. एकूण ४६ लाख.

याच वर्षी वसतिगृहाच्या नेहमीच्या देणग्या मात्र १६ लाखांवरून ९ लाखांवर आल्या. दिवाळीला काका, म्हणजे खजिनदार, बँकेतून निवृत्त झालेले, जुन्या देणगीदारांना फोन करायचे तेव्हा ठरलेलं उत्तर यायचं: "यंदाचं पुराला दिलं की हो." तो पूरनिधीही याच संस्थेच्या खात्यात आला होता, पण दुसऱ्या कप्प्यात. मुलींच्या फीचे ३ लाख धरून वसतिगृहाकडे १२ लाख आले, खर्च झाला १३. गाठीला होती ती लाखभराची जुनी शिल्लकही गेली, आणि डिसेंबरपासून पगार थांबले.

गेला कसा

मार्चअखेर पूरनिधीतून २२ लाख खर्च झाले होते. त्यातले १७ लाख किटवर: ८५० किट, प्रत्येकी २,०००. पातेलं, कढई, तवा, परात, ताट-वाट्या, तांब्या, सतरंजी, दोन चादरी, गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ आणि कांदा-लसूण चटणी. धान्य लक्ष्मीपुरीतून घाऊक भावात. उरलेल्या ५ लाखांत टेम्पो, डिझेल आणि हमाली १ लाख ९० हजार. घरोघरच्या पाहणीसाठी कार्यकर्त्यांचं मानधन १ लाख ६० हजार. औषधं आणि साफसफाई १ लाख २० हजार. छपाई, फोन वगैरे ३० हजार.

टेम्पो आणि पाहणी मिळून साडेतीन लाख, म्हणजे एका किटमागे ४०० रुपयांच्या वर. आता हा संस्थेचा खर्च की पूरग्रस्ताचा? बहुतेक देणगीदार विचार न करता संस्थेचा म्हणतील. पण २०१९चा अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांना विचारा. तेव्हा बाहेरून आलेले ट्रक हमरस्त्यावर थांबायचे, पुढे येईल त्याला हातात द्यायचे आणि फोटो काढून परत फिरायचे. रस्त्यालगतच्या घरात चार-चार किट, आणि आतल्या गल्लीतल्या म्हातारीला पाण्याची बाटलीसुद्धा नाही. २०२१मध्ये या संस्थेने पोरं आधी पाठवली. घरात पाणी किती चढलं त्याची भिंतीवरची रेघ बघायची, रेशनकार्डावरची माणसं मोजायची, शेजाऱ्याकडून खातरजमा करायची आणि शिक्का मारलेलं टोकन द्यायचं. टोकन असेल त्यालाच किट. या कामाला दहा दिवस लागले आणि पोरांना जेवण, पेट्रोल, थोडंफार मानधन द्यावं लागलं. माझ्या मते ४६ लाखांतला सगळ्यात सत्कारणी लागलेला पैसा हाच. आवाहनात मात्र तो शून्य म्हणून जाहीर झाला होता.

वस्तूंची तऱ्हा वेगळी. वसतिगृहाचा हॉल आठवडाभरात जुन्या कपड्यांनी भरला. ओल्या पोत्यातले स्वेटर, लग्नातले घागरे, फाटक्या जीन्स, एका पोत्यात नुसते डाव्या पायाचे बूट. ज्या बाईचं घर चिखलाने भरलंय तिला अंतर्वस्त्रं आणि सुती साडी हवी असते. ती फार थोडी आली. निवडायला बायका लावल्या, उरलेलं उचलून न्यायला पुन्हा टेम्पो. शिवाय ८०जीची सवलत फक्त पैशाच्या देणगीला आहे, वस्तूला नाही, हे समजावण्यात काकांचे फोन वाया गेले. अमेरिकेतून एका मूळ गडहिंग्लजकराने पैसे पाठवायची तयारी दाखवली, पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलेलं. भारतीय पासपोर्टवाल्याने परदेशातली स्वतःची बचत पाठवली तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. परदेशी नागरिकाची मात्र धरतात आणि त्याला एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. ती संस्थेकडे नव्हती. काकांनी नम्रपणे नकार कळवला.

नावं नसलेले देणगीदार

यूपीआयच्या ११ लाखांचा घोळ मार्चमध्ये उघड झाला. १०१, ५०१, १,१०० अशा रकमा, आणि बँकेच्या उताऱ्यात नुसता यूपीआय आयडी. कुणाचा पत्ता नाही, कित्येकांचं नावही अर्धवट. आयकर कायद्याच्या कलम ११५बीबीसीप्रमाणे, देणाऱ्याचं नाव-पत्ता संस्थेकडे नसेल तर ती निनावी देणगी. वर्षातल्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांतल्या मोठ्या रकमेपर्यंत चालतं. त्यावरच्या भागाला ३० टक्के कर. एकूण देणग्या ४६ अधिक ९, म्हणजे ५५ लाख. मर्यादा २ लाख ७५ हजार. निनावी निघाले ४ लाख १० हजार. जास्तीच्या १ लाख ३५ हजारांवर ४० हजार ५०० कर, वर उपकर. वीस किट तिथेच गेले असते.

भर म्हणजे २०२१-२२ हे फॉर्म १०बीडीचं पहिलंच वर्ष. ८०जी असलेल्या संस्थेने देणगीदारांची यादी ओळखक्रमांकासह ३१ मेच्या आत आयकर खात्याला द्यायची आणि तिथून निघालेलं १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला. पूर्वीसारखी पावतीपुस्तकाची पावती पुरत नाही. ताईंनी ज्या ज्या ग्रुपवर आवाहन गेलं होतं तिथे पुन्हा एक फॉर्म सोडला: नाव, पत्ता, रक्कम, तारीख. १ लाख ६० हजारांच्या देणगीदारांनी भरून दिला. निनावी रक्कम अडीच लाखांवर आली आणि कर टळला. हे काम जुलैमध्ये क्यूआर कोडबरोबरच करता आलं असतं, पण पाणी चढत असताना फॉर्म कोण भरून घेतो?

पंधरा टक्के कुणाचे

आता ती बैठक. बांधकाम व्यवसायातले एक विश्वस्त तयारीने आले होते. त्यांचं म्हणणं असं: कायदा सांगतो, उत्पन्नाच्या ८५ टक्के खर्च करा, म्हणजे १५ टक्के आपले. उत्पन्न ५८ लाख, १५ टक्के म्हणजे ८ लाख ७० हजार. त्यातून पगार भागवा, छपराची गळतीही काढू. शिवाय ३२पैकी ११ मुली पूरग्रस्त गावांतल्या, मग त्यांच्या स्वयंपाकिणीचा पगार हा पूरग्रस्तांवरचा खर्च नाही तर काय?

हा गैरसमज मी इतक्या ठिकाणी ऐकलाय की त्यावर थोडं थांबायलाच हवं. ट्रस्टच्या उत्पन्नाला करमाफी देणाऱ्या आयकर कायद्याच्या कलम ११मधले १५ टक्के ही कर न भरता पुढच्या वर्षी नेण्याची मुभा आहे. आयकर खात्याचा त्यावर दावा नाही, एवढाच त्याचा अर्थ. देणगीदाराने ज्या कामासाठी दिले ते काम बदलायची परवानगी त्यातून मिळत नाही. ती आयकर खात्याच्या हातात नाहीच. भांड्यांसाठी दिलेले पैसे ८५ टक्क्यांत असोत की १५ टक्क्यांत, ते भांड्यांसाठीच राहतात.

दुसरा मुद्दा जास्त अवघड होता, कारण तो अर्धा खरा होता. पूरग्रस्त घरातल्या मुलीची फी भरणं ही त्या घराला मदतच आहे, कदाचित पातेल्यापेक्षा मोठी. पण आवाहनात धान्य, भांडी, अंथरूण लिहिलंय. आणि पगार ३२ मुलींसाठी राबणाऱ्यांचा, ११साठी नाही. काकांनी आवाहनाची छापील प्रत बैठकीत फिरवली आणि म्हणाले, "यात फी कुठं दिसती का बघा."

मग कुणीतरी म्हणालं, आपणच विश्वस्त मिळून संस्थेला हातउसने देऊ, जूनमध्ये फी जमली की परत घेऊ. मनाने चांगला प्रस्ताव, पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या आधी घेतलेल्या मंजुरीशिवाय विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज काढता येत नाही. घरच्या व्यवहारासारखं उसनं-पासनं ट्रस्टमध्ये चालत नाही. विश्वस्तांना द्यायचंच असेल तर देणगी द्यावी, परत न मागता. हे ऐकल्यावर खोली जरा गप्प झाली.

शेवटी ठरलं ते असं. कंपनीच्या २० लाखांना हात लावायचा नाही. ते मार्चच्या शेवटी आल्यामुळे वर्षाच्या आत खर्च होणं अशक्यच होतं. ८५ टक्के, म्हणजे ४९ लाख ३० हजार खर्च व्हायला हवे होते, झाले होते ३५. उरलेले १४ लाख ३० हजार शाळादुरुस्तीसाठी साठवायचा ठराव करून फॉर्म १० भरायचा. अशी रक्कम पाच वर्षांच्या आत त्याच कामावर खर्चावी लागते आणि तोवर कलम ११(५)मध्ये सांगितलेल्या ठिकाणीच, उदाहरणार्थ बँकेतल्या ठेवीत, ठेवावी लागते.

कंपनीशी मात्र एक चकमक झडली. पैसे जमा झाल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांच्या माणसाने पूर्ण रक्कम खर्च झाल्याचं प्रमाणपत्र मागितलं. त्यांचंही वर्ष संपत होतं. "नुसती सही हवी आहे, काम करा की निवांत." असली प्रमाणपत्रं सर्रास दिली जातात, आणि देणाऱ्या संस्थेला पुढच्या वर्षीच्या पैशाची आस असते. काकांनी मिळाल्याचं पत्र आणि टप्प्याटप्प्याचं वेळापत्रक एवढंच पाठवलं. त्याच माणसाने वर हेही सांगितलं होतं की तुमचा प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या नाही. दुरुस्तीवर देखरेख करणाऱ्या अभियंत्याचे पैसे त्यामुळे करारात राहिले. पुढच्या वर्षी कंपनीने दुसरी संस्था गाठली.

उरले चार लाख. पुण्याच्या गटाचे ६ लाख पूर्ण किटवर गेले होते, ३०० किट, टोकनांच्या यादीसह हिशेब गेला. त्यांच्यातल्या एकाने फोनवर आधी चढा सूर लावला होता, "आम्ही दिलं ते पुरासाठी दिलं, तुमच्या छपरासाठी न्हाई." यादी पाहून शांत झाले. चार लाख होते ते बाकीच्यांचे. ज्यांचे पत्ते होते त्यांना एक पानी पत्र गेलं: किती आले, कशावर गेले, टेम्पो आणि पाहणीवर किती गेले, आणि आमच्या आवाहनातली शून्य खर्चाची ओळ पाळता आली नाही. उरलेल्यातला तुमचा वाटा पूरग्रस्त गावांतल्या ११ मुलींच्या फीसाठी वापरू, पुढच्या पुरासाठी ठेवू की परत पाठवू?

बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. गप्प बसणं म्हणजे होकार असं धरायचं नाही, हे ठरलेलं होतं. त्यांचे पैसे पूरनिधीतच राहिले. १ लाख ४० हजारांपुरता फीसाठी होकार आला. दोघांनी मिळून १५ हजार परत मागितले. ते दिले आणि १०बीडीच्या यादीत त्यांची नावं घातली नाहीत. बाकी २ लाख ४५ हजार ठेवीत.

पगाराचं काय? विश्वस्तांनी आपसांत १ लाख २० हजार देणगी म्हणून घातले. स्वयंपाकिणी आणि रखवालदाराच्या पगारासाठी म्हणून साफ शब्दांत वेगळं आवाहन केलं, त्याला ९० हजार आले. उरलेले १ लाख १० हजार जूनमध्ये प्रवेश झाल्यावर फिटले. होकार मिळालेल्या फीचे पैसेही तेव्हाच वसतिगृहाकडे वळले, रीतसर, मुलींच्या नावाने. पण रेक्टरबाई मेमध्येच सोडून गेल्या. खासगी शाळेत वेळेवर पगार होता. नऊ वर्षं त्यांनी मुली सांभाळल्या होत्या.

त्यामुळे हिशेब चोख राहिला म्हणून सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. माझं मत विचाराल तर बैठकीतला निर्णय बरोबर होता, चूक जुलैतल्या त्या ठळक ओळीत होती. रोजचं काम चालवायला माणसं लागतात, माणसांना पगार लागतो, हे देणगीदाराला सांगायची संस्थांना भीती वाटते आणि मग ऐकायची देणगीदारांची सवय मोडते. याच शहरात शाहू महाराजांनी १९०१मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पाठोपाठ एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली, तेव्हा जागा-इमारतींबरोबर ती चालवण्यासाठीच्या उत्पन्नाचीही तजवीज संस्थानातून होत गेली. चुलीवर रोज काय शिजणार याचा विचार इमारतीबरोबरच झाला होता.

जुलै २०२४मध्ये पंचगंगेने पुन्हा धोका पातळी ओलांडली. ठेवीतल्या पैशातून ताडपत्र्या आणि औषधं पहिल्याच दिवशी निघाली, आवाहनाची वाट न बघता. आवाहन नंतर गेलं, नाव-पत्त्याच्या फॉर्मसह. त्यात लिहिलं होतं: जमलेल्या रकमेतले १५ टक्क्यांपर्यंत वाहतूक, पाहणी आणि कार्यकर्त्यांच्या मानधनावर जातील, पूरकामानंतर शिल्लक राहिल्यास ती पूरग्रस्त गावांतल्या मुलींच्या शिक्षणासाठी वापरू. पैसे २०२१पेक्षा कमी आले, पाणीही तितकं चढलं नव्हतं. एका देणगीदाराने कळवलं की १५ टक्के जास्त वाटतात, दहात भागवा. काकांनी त्याला २०२१ची टेम्पोची बिलं आणि पाहणीच्या टोकनांचा एक गठ्ठा स्कॅन करून पाठवला. त्याने दुसऱ्या दिवशी ५ हजार पाठवले आणि खाली लिहिलं, तरी पण १२च्या आत बघा.